पाण्याचे पंच

७ सप्टेंबर १९७० हा दिवस कोणत्याही पंचांगात लाल अक्षरांत छापलेला आढळणार नाही. त्या दिवशी महाराष्ट्र जल प्रदूषण प्रतिबंधक मंडळ अस्तित्वात आले. नाव एवढे लांबलचक, की शाळेतल्या पोराने एका दमात म्हणून दाखवले तर त्याला चकलीचे बक्षीस द्यावे! दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी सरकारी मंडळाचा इतिहास वाढणे बरे दिसते काय, असे वाचक विचारतील. पण ताटाशेजारी पाण्याचा तांब्या असतोच असतो. त्या तांब्यातले पाणी पिण्याजोगे आहे किंवा नाही, हे कोणी सांगायचे? आणि सांगणाऱ्याचे ऐकले नाही तर पुढे काय? या दोन प्रश्नांपायी आपल्या राज्यात मंडळे, परिषदा आणि समित्या बसत आल्या, उठत आल्या. त्यांचीच ही कथा आहे.

आम्हा मावळातल्या माणसांना पंचांचे वावडे कधीच नव्हते. विंझर हे आमचे गाव राजगड आणि तोरणा या दोन थोरल्या शेजाऱ्यांच्या सावलीतले. या खोऱ्यांतून शिवकाळी गोतसभा बसत, वतनाचे आणि शिवेचे तंटे तुटत, आणि साक्षीदाराला नदीच्या पाण्यात उभे करून शपथ घालण्याची चाल होती. नदी ही त्या काळी साक्षीदार होती. पाण्याच्या वाटणीचे पंचही आपल्याला ठाऊक होते. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धतीने शेते भिजत. तेथे पाटकरी कोण, जागल्या कोण, पाण्याची पाळी कोणाची, हे गावकरी ठरवत आणि ते सर्वांना बांधील असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही गडावर बांधकाम करण्याआधी पाणी पाहावे, एका झऱ्यावर विसंबू नये, पाण्याचा साठा जतन करून ठेवावा, अशी दक्षता सांगितलेली आहे.

हे सारे पाण्याच्या मापाचे झाले. पाणी किती, हे ठरवणारे पंच आपल्याकडे पुष्कळ होते. पाणी कसे आहे, याचा निवाडा मात्र आपण रूढीवर सोपवला, आणि रूढीने काय केले ते महाडला दिसले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. तळे सार्वजनिक होते. मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ सालीच संमत झाला होता. तरीही दुसऱ्या दिवशी तळे ‘बाटले’ म्हणून शेणा-गोमूत्राच्या घागरी त्यात ओतून त्याची शुद्धी करण्यात आली. ज्या पाण्याला माणसाची ओंजळ विटाळते आणि शेण पवित्र करते, त्या पाण्याचा निवाडा करणारे कोण होते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ च्या मार्चात अस्पृश्यांच्या बाजूने लागला, म्हणजे एका ओंजळीच्या हक्कासाठी दहा वर्षे गेली. पाण्याच्या पंचात कोण बसतो याला किती महत्त्व आहे, हे महाराष्ट्राला एवढ्या उघडपणे दुसऱ्या कोणत्याही प्रसंगाने शिकवले नाही.

सरकारी सल्लागारांची कथा याच्याही आधीची. १८५७ नंतर हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी विलायतेत एक शाही आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८६३ साली निघाला. त्यात आकडा असा होता, की इथल्या गोऱ्या शिपायांपैकी दर हजारी ६९ दरसाल मरतात, आणि यांतले बहुतेक लढाईत मरत नाहीत. ते पटकी, हगवण आणि तापाने जातात. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई त्या अहवालामागे हात धुऊन लागल्या होत्या. परिणामी १८६४ साली बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांत स्वच्छता आयोग नेमले गेले. आयोगाने पाहावे, लिहावे आणि सल्ला द्यावा. पैसा व हुकूम मात्र दुसऱ्याच्या हाती. थोड्याच वर्षांत हे आयोग आटोपते घेण्यात आले आणि त्यांच्या जागी एकेक सॅनिटरी कमिशनर उरला. हा अधिकारी दरसाल जाडजूड अहवाल काढी. माणसे मरत ती त्या अहवालाच्या कोष्टकांत नीट मांडली जात. सल्ला देणाऱ्याला दात नसले की त्याच्या हातून फार तर उत्तम लेखन होते, ही गोष्ट आमच्यासारख्या कादंबरी लिहिणाऱ्यांनी तरी हसण्यावारी नेऊ नये.

पाण्याचा कस लावण्याचे शास्त्र दरम्यान पुढे सरकत होते. विलायतेत १८९८ साली सांडपाण्याविषयी आणखी एक शाही आयोग बसला, आणि त्याच्या १९१२ च्या आठव्या अहवालाने एक माप घालून दिले. पाण्यातली घाण जंतू खातात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. बाटलीत पाणी भरून ठरावीक दिवस ठेवायचे आणि प्राणवायू किती खर्ची पडला ते मोजायचे. खर्च जितका जास्त तितकी घाण जास्त. विलायतेत यासाठी पाच दिवस धरतात. तिथली कोणतीही नदी पाच दिवसांत समुद्राला मिळते म्हणून पाच, असे गमतीने सांगतात. आपल्याकडे हवा उष्ण, जंतूंची भूक मोठी, म्हणून २७ अंश उष्णतेत तीन दिवसांत हिशेब उरकतो. थेट पिण्याच्या उगमाच्या पाण्यात हा खर्च लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या आत असावा आणि स्नानाच्या पाण्यात ३ च्या आत. कारखान्याने नदीत सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण मर्यादा मात्र ३०. नदी त्यात आपले पाणी मिसळून ते पातळ करील, हा भरवसा या तीसच्या पाठीशी आहे. मार्गशीर्षानंतर आमच्या भागातल्या नद्यांचे पात्र ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या भरवशाची किंमत कळेल.

स्वतंत्र भारताला जाग आणली ती दिल्लीच्या काविळीने. १९५५ च्या पावसाळ्यानंतर नजफगढ नाल्याचे घाण पाणी उलटे फिरून वझिराबादच्या पंपांपाशी पोचले. क्लोरीन वाढवण्यात आले. त्याने विषमज्वराचे जंतू मेले असतील, पण काविळीचा विषाणू त्याला पुरून उरला. डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या अवधीत सुमारे २९ हजार माणसांना कावीळ झाली. राजधानीच्या नळातून रोग येतो म्हटल्यावर दिल्लीचे आसन हलले. १९६२ साली जल प्रदूषणाच्या कायद्याचा मसुदा करण्यासाठी तज्ज्ञ समिती नेमली गेली. पुढे १९६३ आणि १९६५ साली राज्यांच्या मंत्र्यांच्या बैठका झाल्या आणि मसुदा काही राज्यांच्या मंत्र्यांच्या एका समितीकडे गेला. त्या समितीत बिहार, मद्रास, राजस्थान, हरियाणा, पश्चिम बंगाल यांच्याबरोबर महाराष्ट्रही होता.

मौज अशी, की मसुद्याला हात लावणाऱ्या महाराष्ट्राने दिल्लीच्या कायद्याची वाट पाहिली नाही. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९६९ साली राज्याने आपला स्वतःचा जल प्रदूषण प्रतिबंध कायदा केला आणि पुढल्या वर्षी मंडळ स्थापले. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात आणि पिंपरी-चिंचवडला कारखाने उभे राहत होते, खाड्या आणि ओढे रंग बदलू लागले होते. अशा वेळी देशाच्या आधी पाऊल टाकले, हे श्रेय महाराष्ट्राला दिलेच पाहिजे. संसदेचा कायदा मागाहून, २३ मार्च १९७४ रोजी आला. पाणी हा राज्यांचा विषय असल्याने ज्या राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केले, त्यांनाच तो लागू झाला. गुजरात, कर्नाटक, मध्य प्रदेश हे आपले शेजारी त्या पहिल्या यादीत होते; महाराष्ट्र नव्हता. आपला कायदा आहे, आपले मंडळ आहे, मग दुसऱ्याचे कशाला, असा एकंदर पवित्रा. १ जून १९८१ रोजी राज्याने केंद्राचा कायदा स्वीकारला आणि जुन्या मंडळाचे रूपांतर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळात झाले. मंडळाच्या पुनर्रचनेचा हा पहिला मोठा प्रसंग. ‘प्रतिबंधक’ होते ते ‘नियंत्रण’ झाले. शब्दांचा धंदा करणाऱ्या माणसाला हा बदल खटकतो, पण तेवढ्यावर निवाडा करणे बरे नव्हे. खरा मुद्दा पाटीवरच्या नावाचा नाही, आतल्या खुर्च्यांचा आहे.

१९७४ च्या कायद्याने राज्याच्या मंडळाला दोन कामे एकदम दिली. सरकारला सल्ला द्यायचा, आणि कारखान्यांना व नगरपालिकांना संमती देऊन त्यांच्यावर नजरही ठेवायची. दर तीन महिन्यांतून एकदा तरी बैठक व्हावी असेही लिहिले. मंडळात एक अध्यक्ष, सरकारचे जास्तीत जास्त ५ अधिकारी, स्थानिक संस्थांच्या सदस्यांतून जास्तीत जास्त ५, सरकारी कंपन्यांचे २, आणि एक पूर्णवेळ सदस्य-सचिव. शिवाय शेती, मासेमारी, उद्योग, व्यापार किंवा सरकारला योग्य वाटेल त्या हितसंबंधाचे म्हणून जास्तीत जास्त ३ बिनसरकारी सदस्य. सगळे मिळून १७. यात कोळी आणि कारखानदार एकाच बाकावर, आणि तो बाक तिघांचाच. एका जागेवर कारखानदार बसला की कोळ्याची जागा तेवढी आवळली, हे समजायला गणित शिकवणारा मास्तर लागत नाही.

सदस्य कोण होऊ शकत नाही याचेही कलम आहे, आणि ते मला फार उद्बोधक वाटते. सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रे बनवण्याच्या किंवा विकण्याच्या धंद्यात ज्याचा हितसंबंध आहे, तो मंडळावर बसू शकत नाही. योग्यच आहे, आपला माल खपवण्यासाठी तो इतरांवर यंत्रे लादील. पण ज्याच्या धंद्यातून सांडपाणी निघते, त्याला हे कलम अडवत नाही. झाडू विकणाऱ्याला मज्जाव आणि कचरा टाकणाऱ्याला पायघडी, असा हा प्रकार.

स्थानिक संस्थांच्या पाच जागांचे मात्र मी थोडे समर्थन करीन. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे दिल्लीची कावीळ होती. त्यांना नगरपालिका दिसली ती पाणी पिणाऱ्यांची प्रतिनिधी म्हणून. नाल्याने नाडलेली, नळवाल्यांची वकील म्हणून. तेव्हा ते चुकीचे नव्हते. नंतर शहरे वाढली आणि हाच वकील हळूहळू आरोपी होऊन बसला. पुण्याचेच पाहा. पुणे खडकवासल्याचे स्वच्छ पाणी वरून घेते आणि सांडपाण्यासह मुळा-मुठेतून भीमेला देते. ते उजनीच्या धरणात जाऊन साठते आणि त्याच उजनीतून सोलापूरची तहान भागते. म्हणजे पुणेकर हे खडकवासल्याला फिर्यादी ठरतात आणि उजनीला आरोपी. मंडळातल्या खुर्चीवर मात्र ‘स्थानिक संस्था’ एवढीच पाटी असते. ती खुर्ची वरच्या गावाची की खालच्या, हे कायदा विचारीत नाही. नदीच्या बाबतीत तर तेवढाच एक प्रश्न विचारण्यासारखा आहे, असे माझे मत आहे.

या खुर्च्यांविषयी तक्रार करणारा मी पहिला नव्हे. १९८४ साली भट्टाचार्य समितीने मंडळांच्या दुबळेपणावर बोट ठेवले. १९९० साली बेलिअप्पा समिती आली. पुढे घातक कचऱ्याच्या निमित्ताने मेनन समिती आणि २०१४ साली सुब्रमण्यम समिती. प्रत्येकीने थोड्याफार फरकाने तेच सांगितले, की अध्यक्षपदी विषय जाणणारा माणूस नेमा, त्याला पुरता काळ द्या आणि राजकीय सोयीची नेमणूक थांबवा. सल्लागार मंडळ कसे सुधारावे याचा सल्ला देणाऱ्या समित्या, आणि त्यांचा सल्ला ठेवण्यासाठी कपाटे! अखेर २४ ऑगस्ट २०१६ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने देशभरातल्या मंडळांच्या नेमणुका तपासून राज्यांना खडसावले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २२ सप्टेंबर २०१७ रोजी न्यायमूर्ती मदन लोकूर आणि न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांनी निकाल दिला. असे हुकूम काढणे न्यायाधिकरणाच्या अधिकारात बसत नाही, हे त्यांनी मान्य केले. पण त्याच दमात सर्व राज्यांना सहा महिन्यांत नेमणुकांचे नियम करण्यास सांगितले. पुढे २०२४ साली संसदेने कायदा दुरुस्त केला. अध्यक्षाच्या नेमणुकीची रीत केंद्राने ठरवावी, आणि अनेक गुन्ह्यांची कैद जाऊन तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड यावा, असे झाले. ही दुरुस्ती आधी हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली.

या साऱ्या सुधारणांत भर आहे तो जाणकार माणसावर. जाणकार हवाच, त्याविषयी दुमत नाही. पण निव्वळ जाणकाराने भागत नाही, हेही आमच्या राज्याने पाहिले आहे. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य जल परिषद नेमली. राज्याच्या एकात्मिक जल आराखड्याला संमती देणे हे तिचे काम. परिषदेत मंत्री होते, दिमतीला जाणकार होते, सारे होते. तिची पहिली बैठक जानेवारी २०१५ मध्ये भरली, तीही आराखड्याविना प्रकल्प मंजूर होत असल्याची तक्रार उच्च न्यायालयात गेल्यानंतर. जवळजवळ दहा वर्षे बैठकच नाही! आमच्या गावकीत देवळाच्या कळसासाठी नेमलेली समितीसुद्धा एवढा दम धरत नाही. कारण देवळात रोज जाणारा माणूस समितीत असतो आणि तो विचारीत राहतो. ज्याला त्या पाण्याची रोज गरज आहे तो बैठकीत नसेल, तर बैठक का भरली नाही हे विचारणार कोण?

आता थोडे आमच्या खोऱ्याकडे येतो. आमची कानंदी गुंजवणीला मिळते, गुंजवणी नीरेला, नीरा नीरा-नरसिंहपूरला भीमेला, आणि भीमा कृष्णेला. आम्ही अगदी वरचे. राज्यात २००० सालापासून नदी क्षेत्र धोरण होते. त्यात नद्यांची प्रतवारी करून उगमाकडच्या भागात काठापासून ठरावीक अंतरापर्यंत प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांना मज्जाव होता. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते रद्द झाले. कायद्यात संमतीची तरतूद आहेच, मग अंतराचा आग्रह कशाला, असा युक्तिवाद होता. वरच्या अंगाला असलेल्या गावांचे म्हणणे अशा वेळी कोणी मांडायचे, याची सोय त्या सतरा खुर्च्यांत कुठेही नाही.

खेड्यात पाण्याच्या गुणाचा कारभार कसा चालतो, हे शहरी वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. नदीचे नमुने घेते प्रदूषण नियंत्रण मंडळ. विहिरी आणि विंधन विहिरी पाहते भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, जी १९७२ च्या दुष्काळातली. नळयोजना बांधते दुसरेच खाते, धरण सांभाळते तिसरे. आरोग्य खाते वर्षातून दोनदा पाहणी करून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देते. आणि टाकीत रोज ब्लिचिंग पावडर घालतो तो जलसुरक्षक. या साखळीतला सर्वांत अल्प मानधनाचा माणूस तोच, आणि पटकी आली तर पहिला जाब त्यालाच. मला विचाराल तर पाण्याच्या प्रश्नावर दहा अहवाल वाचण्यापेक्षा एका जलसुरक्षकाशी अर्धा तास बोलावे.

एका पावसाळ्यात आमच्या वर्गातील मुलांनी पाणी तपासण्याच्या छोट्या बाटल्या आणल्या. पाणी भरायचे, उबदार जागी ठेवायचे, आणि दिवसा-दोन दिवसांत ते काळे पडले तर समजायचे की त्यात विष्ठेतले जंतू आहेत. चार ठिकाणचे पाणी घेतले. तीन बाटल्या होत्या तशाच राहिल्या. गुरे पाण्यावर उतरतात त्या एका झऱ्याची बाटली शाईसारखी काळी झाली. मुलांना आनंद झाला, प्रयोग साधला म्हणून! मग एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, हे आता कोणाला सांगायचं?’’ आम्ही एका कचेरीत गेलो. त्यांनी दुसरीचे नाव सांगितले. दुसरीने विचारले, झरा ही योजना आहे का? योजना नसेल तर तो त्यांच्या वहीत नाही. शेवटी मुलांनी एका फळीवर ‘हे पाणी उकळून प्या’ असे लिहून ती झऱ्याकाठी रोवली आणि दरडीला थोडे कुंपण घातले. त्या मुलीने वाटेत आणखी विचारले, ‘‘सर, मुंबईला ते मंडळ आहे ना, त्यात आपल्या नदीचं कोण आहे?’’ मी तिला सतरा जागांची यादी सांगितली. तिने बोटांवर मोजली आणि म्हणाली, ‘‘म्हणजे कोणीच नाही.’’

हे केवळ डोंगरातल्या पोरांचे दुखणे नव्हे. डोंगरापलीकडे, सिंहगड रस्त्याच्या अंगाला जानेवारी २०२५ मध्ये काय झाले ते सर्वांच्या स्मरणात आहे. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, धायरी या भागांत गीयाँ-बारे नावाच्या रोगाने माणसांचे हातपाय लुळे पडू लागले; काहींना श्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागले. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला आणि संशयाची सुई पाण्याकडे वळली. यांतली नांदेड, किरकटवाडी ही गावे २०२१ साली महापालिकेत आली होती. ग्रामपंचायत गेली होती आणि शहराचे शुद्ध पाणी पुरते पोचले नव्हते. काल ज्या विहिरीचा जाब सरपंचाला विचारता येत होता, तिचा जाब आता कोणाला विचारावा, हे लोकांना कळेना. धायरी किंवा नांदेडची एखादी गृहिणी पाण्याच्या राज्य मंडळात बसली असती तर साथ टळली असती, असा दावा मी करीत नाही. पण पाण्याला वास येतो हे तिने पहिल्याच बैठकीत सांगितले असते.

कायद्यात एक दार मात्र १९८८ च्या दुरुस्तीने उघडले आहे. त्याच दुरुस्तीने मंडळाला कारखाना बंद करण्याचा, त्याची वीज आणि पाणी तोडण्याचा थेट अधिकार मिळाला. त्यापूर्वी कोर्टात जाऊन हुकूम आणावा लागे. आणि त्याच दुरुस्तीने कोणाही नागरिकाला साठ दिवसांची नोटीस देऊन स्वतः न्यायालयात फिर्याद करण्याची वाट मोकळी केली. फिर्याद करायची तर हाती पाण्याचा दाखला हवा, आणि त्यासाठी लागणारी कागदपत्रे मंडळाने फिर्यादीला मागितल्यास द्यावीत असेही त्यात आहे. मुलांना मी हे सांगितले, तेव्हा नीरेचे नमुने मंडळ कुठे घेते, असे त्यांनी विचारले. त्यांतले एक ठिकाण सारोळ्याच्या पुलापाशी आहे. दिवाळीची सुट्टी संपली की आठवीचा वर्ग एस. टी.ने तिकडे जायचा आहे. बाटल्या आणून ठेवल्या आहेत.